आमच्या घरची सून हे काम करणार नाही

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, परिचर्या विद्यालयाच्या प्राचार्या आदरणीय प्रियदर्शिनी मॅडम, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, सालवड-सफाळ्याकडून कामधंदा सोडून आलेले पालक, आणि सोमवारपासून नर्स म्हणून वॉर्डात उभ्या राहणाऱ्या माझ्या मुलींनो,

मी कमलाकांत तामोरे, दांडीच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. सोसायटीनं विद्यालयाला काही वस्तू दिल्या, तेव्हापासून दरवर्षी मला इथं बोलवायची पद्धत पडली. दरवर्षी माझं भाषणही तेच: परिचर्या ही नोकरी नव्हे, ते व्रत आहे. मॅडमनी यंदाही सांगितलं, “काका, हे काम आपण का पत्करलं, याचा मुलींना विचार करायला लावा.” लावतो. पण त्याआधी मला स्वतःकडे बघावं लागतंय, आणि खरं सांगतो, बघवत नाही.

माझा धाकटा मुलगा निमेश. गावातलीच उन्नती त्याला पसंत पडली. ती तुमच्याच वर्गातली, इथंच बसली आहे. मान वर करू नकोस बाई, राहू दे. बोलणी जमत आली आणि मी अट घातली, लग्नानंतर नर्सची नोकरी नाही. तिचे वडील म्हणाले, “मंग पोर शिकते कशाला?” मी म्हटलं, “शिकू दे की! पण आमच्या घरची सून परक्या पुरुषांना आंघोळ घालणार नाय. गाव काय म्हणंल?” व्रताचं भाषण करणारं तोंड हेच, बरं का! उन्नती तिथंच बसली होती. “विचार करून सांगते,” एवढंच बोलली.

मग पावसाळ्यात, किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीला ताडपत्री बांधताना माझा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. बोईसरला ऑपरेशन झालं. कुशीवर वळायचीसुद्धा चोरी. वॉर्डबॉय विश्राम रजेवर गेलेला. सकाळी पडदा सरकला आणि पाण्याचं भांडं, टॉवेल घेऊन समोर कोण? उन्नती! त्या वॉर्डात शिकाऊ म्हणून ड्यूटी तिचीच होती.

मी चादर गळ्यापर्यंत ओढली. “तू नको! दुसरं कोण हाय का बग.” होणाऱ्या सुनेसमोर सासऱ्यानं उघडं व्हायचं म्हणजे आमच्याकडे मरणच. ती पोर रागावली नाही, हसलीही नाही. “बरं काका,” म्हणाली आणि मैत्रिणीला पाठवलं.

ती मैत्रीण म्हणजे तुमच्याच वर्गातली नवसी, पूर्वेच्या डोंगरपट्टीतली. “काका, तुमी भिंतीकडं बगा,” म्हणाली. जेवढं अंग पुसायचं तेवढंच उघडं करी, बाकीचं झाकलेलं. शौचाचं भांडं तिनंच दिलं, तिनंच उचललं. सगळं करताना आपल्या घरच्या नाचणीच्या शेताचं सांगत होती. मी अगदी निवांत झालो. मनात म्हटलं, सुटलो बुवा, ही परकी पोर आहे.

आणि तो शब्द मलाच लागला. परकी? मग नवसीला मी कोण? परका पुरुषच ना? तीही उद्या कुणाच्या तरी घरची सून होणार. जे काम माझ्या सुनेला कमीपणाचं, ते मी डोंगरातल्या पोरीकडून निमूट करून घेत होतो, वर मला हायसंही वाटत होतं. फार लाज वाटली हो मला. अंग उघडं पडल्याची नव्हे, माझी स्वतःची.

मी विचारलं, “पोरी, तुला लाज नाय वाटत?”

“वाटायची ना. पयल्यांदा तर रडलीच मी. पण काका, पेशंटला माज्यापेक्षा जास्ती वाटते. मंग मी तुमची लाज झाकू का माजी?”

मी तोंड भिंतीकडेच ठेवलं. डोळ्यांत साबण गेला का, म्हणून तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

मुलींनो, व्रत व्रत म्हणत आम्ही तुम्हाला मखरात बसवतो आणि सोयरीक जुळवताना त्याच हातांचा विटाळ धरतो. व्रत दुसऱ्याच्या मुलीनं करायचं आणि पुण्याईच्या गप्पा आम्ही मारायच्या! हे काम का पत्करलं ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणी पोटासाठी म्हणेल, कुणी आवड म्हणेल, दोन्ही खरं. आमच्या भाषणांवरून मात्र ठरवू नका.

घरी जाताच मी अट मागे घेतली असती तर बरं होतं. नाही घेतली. काठी टेकत चालायला लागलो आणि पुन्हा गावचा चेअरमन झालो. गेल्या आठवड्यात उन्नतीनं निमेशला कळवलं, नोकरी सोडणार नाही, लग्न मोडलं तरी चालेल. तेव्हापासून निमेशनं माझ्याशी बोलणं टाकलंय. बरोबरच आहे त्याचं.

ती अट मी चार माणसांत घातली होती, आज सगळ्यांदेखत मोडतो. उन्नती, म्हणून लग्नाला हो म्हण, असं मी सांगत नाही. ते तुझं तू बघ. आणि कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका. पोरीवर उगाच दडपण येईल.

मॅडमचे, विद्यालयाचे आभार. नवसीचेही, कारण तेव्हा मानायचे राहून गेले. बोलण्यात शब्द मागेपुढे झाला असेल तर आपण मंडळींनी सांभाळून घ्यावं. बाकी जे चुकलं त्याची माफी एकाच मुलीकडे मागायची आहे. उन्नती, द्यावीशी वाटली तर सवडीनं दे. नाही दिलीस तरी चालेल, पण सोमवारची ड्यूटी चुकवू नकोस.