पुसून ठेवलेली खुर्ची

मी जिंतूरची. वडील आमचे, अण्णा, शाळेत शिपाई, घंटा द्यायचे, आणि घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच, हे आधी सांगते, कारण माझं सगळं भलं शाळेनं केलं आणि माझ्या चुकीचं मूळही तिथंच आहे. शाळेला दोन वर्षं मुख्याध्यापक नव्हते, देशमुख सर प्रभारी होते. तर ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत बघा, शेजारी स्टूल घेऊन बसायचे, आणि अण्णा ती रिकामी खुर्ची रोज पुसायचे. म्हणायचे, भरतानं पादुका ठेवून राज्य केलं, तसंच आहे हे. माझ्या मनात तेच बसलं, की दुसऱ्याच्या नावानं कारभार करणारा माणूस निर्लोभीच असणार.

सिंगापूरला येऊन सात वर्षं झाली. सॉफ्टवेअर तपासायचं काम, राहायला बुकित पंजांग. मुलगी मीरा दर शनिवारी ईस्ट कोस्टला इलोना आजींकडे पियानो शिकते. आजी हंगेरीच्या, नव्वदीच्या आसपासच्या. मीरा इथल्या बोलीत म्हणते, मम्मी, शी इज सो फियर्स लाह, फार कडक आहेत. पण मला त्या चहा द्यायच्या, बोलायच्या.

तर झालं काय, ऑफिसात आमचे मॅनेजर नोकरी सोडून गेले, जागा रिकामी, आणि एकाला प्रभारी नेमलं. गोड माणूस. काहीही सांगायचं तर म्हणायचा, मी कोण, हेड ऑफिसचा निरोप आहे. एकदा मला म्हणाला, तुमच्या टीममधल्या अकरा जणांची यादी द्या, कोण कुठल्या देशाचा, घरी कुठली भाषा बोलतो, नुसती माहिती म्हणून. मी दिली. काय सांगू तुम्हाला, रकाने आखून, रंग भरून दिली. शाबासकीची सवय लहानपणापासूनची.

आजींना कौतुकानं सांगितलं, भरताची गोष्टही सांगितली. आजींनी पियानोचं झाकण लावलं. मीराला म्हणाल्या, जा, खाली बागेत खेळ. मग मला म्हणाल्या, माझा देशही राज्यच होता, फक्त राजा नव्हता. पहिल्या महायुद्धात देश हरला, मुलूख गेला, आणि एक नौदलाचा अधिकारी पांढऱ्या घोड्यावर बसून राजधानीत आला. देशाला समुद्र उरला नव्हता, तरी हा दर्यासारंगच. म्हणाला, मी राजाची जागा सांभाळतो. खरा राजा दोनदा परत आला, तर दोन्ही वेळा यानंच त्याला घालवलं. म्हणलं, आजी, मग लोक काही बोलले नाहीत? आजी म्हणाल्या, मुकुट जागेवर होता ना, शिक्क्यावर मुकुट, पोलिसांच्या टोपीवर मुकुट, कायदा कुणाचा विचारलं तर राज्याचा, आणि राजा कुठं विचारलं तर नाही. जाब द्यायला कुणीच नाही.

पहिल्यांदा काय केलं, तर कॉलेजातल्या जागा मोजल्या. ज्यूंना इतक्याच. आजींच्या वडिलांना डॉक्टर व्हायचं होतं, जागा नाही मिळाली, ते पियानोचे सूर लावत गावोगाव फिरले. मला बाई माझी कॉलेजातली जागा आठवली. मग नोकऱ्या मोजल्या, मग ज्यूंनी बाहेर लग्न करायलाही बंदी. हे वीस-बावीस वर्षं हळूहळू. मग जर्मन सैन्य आलं, तरी हा राजाच्या जागेवर आहेच, आणि गावोगावच्या यादीवरून ज्यू माणसं मालगाडीत भरून मारायला नेली. आजींचे वडील, आई, भाऊ. आजी बारा वर्षांच्या, शेजारणीनं आपली लेक म्हणून ठेवली. आमच्या गावची यादी, आजी म्हणाल्या, नगरपालिकेतल्या एका बाईनं केली होती. वाईट नव्हती ती. अक्षर फार सुंदर.

माझी यादी देऊन झाली होती.

महिन्याभरात त्या यादीतल्या दोघांचं काम गेलं. त्यातली एक मिन, म्यानमारची, हॉकर सेंटरला माझ्यासमोर बसून जेवायची. जाताना तिनं मला थँक्यू म्हणलं, सांभाळून घेतलंत म्हणून. तिला यादीचं माहीत नव्हतं. ही तिकडची मालगाडी नाही, मला कळतं तेवढं, पण रकाना मीच आखला होता.

मग प्रभारी परत आला. आता म्हणाला, धर्मही लिहा, वरून निरोप आहे. म्हणलं, वरून म्हणजे कुणाचा, नाव सांगा. तो हसला. म्हणाला, तुमचा इथं राहून काम करायचा पास यंदा रिन्यूला आहे ना? सोमवारी मी कागद दिला. त्यावर एकच नाव, माझं, आणि पुढचे सगळे रकाने भरलेले. बाकीचे नऊ जण मी लिहिले नाहीत.

तो आता मॅनेजरच्याच खुर्चीवर बसतो. पासचं पत्र आलेलं नाही. मीरा विचारते, मम्मी, आर वी गोइंग बॅक? मी म्हणते, आधी धडा वाजव. आजी तिच्या डोक्यावर हात ठेवतात, त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणतात, मी अर्थ विचारत नाही.

परवा अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, अगं बाई, चांगले देशमुख सर होते, खुर्ची नव्हे. मी उगाच खुर्ची पुसत राहिलो.