कप्तानसाहेबांची चुकलेली बोट

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या गोर्की बंदराचे प्रमुख अवेनीर लुकिच, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती कप्तान येलिझार प्रोखोरोविच, आणि समोर बसलेल्या व्होल्गेवरच्या नव्याजुन्या सगळ्या मंडळींनो,

कप्तानसाहेबांच्या नजरेचं अध्यक्षांनी आत्ताच कौतुक केलं. धुक्यातही काठ ओळखणारा माणूस, म्हणाले. खरंच आहे. पण हाच माणूस भर दुपारी स्वतःची बोट ओळखत नव्हता, हे सांगायचं तेवढं राहिलं. मी कापितोलिना साव्विच्ना, 'चायका' बोटीच्या उपाहारगृहाची प्रमुख. राहिलेलं मी सांगते.

कप्तानांची 'इवोल्गा' आणि आमची 'चायका', दोघी जर्मन कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या. धक्क्यावर एकीला लागून दुसरी उभी राहायची, त्यामुळे इवोल्गावर जायची वाट आमच्या बोटीतून. बाकीचे सरळ जात. कप्तान डावीकडे वळत, थेट माझ्या टेबलाशी. माशाचं गरम सूप दोनदा मागून घेत आणि मग दचकून म्हणत, "अरेच्चा! ही माझी बोट नव्हे की काय?"

आमचा जुना खलाशी सिसोय म्हणायचा, "बाई, ह्यांच्या कोटावर बोटीचं नाव शिवून द्या की!" एकदा तर कप्तानांनी त्यालाच झापलं, "कठडा पुसायला काय झालं?" बिचाऱ्याने निमूट पुसला आणि मग डोकं खाजवत बसला, की आपला कप्तान बदलला कधी?

हसताय काय? प्रकरण वर गेलं. ज्याला आपली बोट कळत नाही, त्याच्या हाती प्रवाशांचे जीव द्यायचे कसे? चौकशी बसली. कप्तानपद जाणार, असंच सगळे धरून चालले होते. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बोट का चुकते?" कप्तान बिटासारखे लाल, नुसती हातातली टोपी फिरवताहेत. साक्षीला मी होते. मला काही राहवेना. म्हटलं, "साहेब, बोटबीट काही चुकत नाही. हा माणूस माझ्यासाठी येतो."

"खरं का?" साहेबांनी विचारलं. कप्तानांनी नुसती होकाराची मान हलवली. पद वाचलं, आणि नदी गोठायच्या आत आमचं लग्नही झालं.

आता लाज कसली मंडळी? मी ते अंदाजाने ठोकून दिलं होतं! आणि आजतागायत ह्या गृहस्थाने एका शब्दाने सांगितलेलं नाही, की येणं माझ्यासाठी होतं की सुपासाठी. घरी विचारलं की खिडकीशी जाऊन म्हणतात, "वारा फिरलेला दिसतो." मन खातं हो माझं.

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, आपली आभारी आहे. बायकोच्या तोंडून जरा जास्त गेलं असेल, सभेने पदरात घ्यावं. यानंतर सत्काराला उत्तर आहे ना? मग या, येलिझार प्रोखोरोविच, इथे समोर उभे राहा. आज मान हलवलेली चालणार नाही.