भाताची वाट

थायलंडमधल्या खोन केन शहरात इस्पितळाबाहेर मी गाडीची वाट बघत उभा होतो. पायरीवर टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. आतून तिची सून धावत आली.

"आई! केव्हाची शोधतेय तुम्हाला. आत का नाही आलात?"

"दार सापडेना गं, ओराया. सगळ्या इस्पितळाला फेरा घातला."

"अहो, हे काय तुमच्या मागे! एवढी मोठी पाटी आहे."

"वाचली की. 'थांग खाव'. भाताची वाट. म्हटलं, ही खाणावळ. मला लेकाकडे जायचंय, जेवायला नाही."

"अहो, खाव म्हणजे आत येणं!"

"आमच्या इसानी बोलीत भातही खाव आणि आत येणंही खाव. तुम्हा बँकॉकवाल्यांना काय कळणार!"

"पण आई... पाटी तुम्ही वाचलीत? स्वतः?"

"मग काय पोपटानं? बसची पाटीही मीच वाचली. एकटी आले."

"आणि मला वाटायचं, तुम्ही नुसतं हो हो म्हणताय."

"रोज भाजी निवडताना डोकं खायचीस. हे अक्षर बघा, ते अक्षर बघा. माझ्या सख्ख्या आईनं दिलं नाही ते तू दिलंस, बाई. हसू नकोस."

"हसत नाहीये."

"मग डोळे पूस. माझ्या सेंगचा पाय कसाय?"

"प्लास्टर घातलंय. तुमच्या हातच्या चिकट भाताची आठवण काढतोय."

"आणलाय की. ही टोपली धर, अजून गरम आहे."

"चला आत."

"बघ, म्हणजे मी बरोबरच वाचलं होतं. भात याच वाटेनं चाललाय."