फाट्यावरचं दीड मिनिट

पाळक साहेब, मार्था वहिनी, रूथ, गावातली मंडळी, आणि आपल्या डेपोतल्या भावांनो, बहिणींनो,

मला बोलता येत न्हाई. वीस वर्षं स्टेरिंग धरलंय, माईक आज पहिल्यांदा धरलाय.   मघाशी पाळक साहेबांनी नाव घेतलं, "आता शमुवेल दादांचे जिवलग मित्र, किशन ड्रायव्हर, दोन शब्द बोलतील." जिवलग! तो शब्द ऐकला आणि वाटलं, उठूच नये. मागच्या दारानं निघून जावं. पण निघून जायचं काम माझ्या हातनं एकदा झालंय. परत न्हाई करायचं.

दोन शब्दांत माझं भागत न्हाई. मला एक गोष्ट सांगायची हाय आणि ती वहिनींच्या तोंडासमोर सांगायची हाय. आधी दादांचं चांगलं सांगतो, मग माझं वाईट सांगतो. वाईट सांगताना मधी कुणी उठू नका. सांगून झाल्यावर जे करायचं ते करा.

गावकऱ्यांनो, तुमच्यासाठी ते चर्चमधले दादा. आमच्यासाठी कंडक्टर. नांदेड-लातूर गाडीवर आमची जोडी अकरा वर्षं. मी कसला माणूस हाय, ते डेपोवाल्यांना विचारा. नाकावर राग. पुढं बैलगाडी आली तरी शिवी, मागनं ट्रकनं हॉर्न दिला तरी शिवी. पहिल्या महिन्यात म्या साहेबांकडं जाऊन म्हणलं होतं, "माझा कंडक्टर बदला. हा गाडी चालवू देत न्हाई, सारखी घंटी देतो." एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे निघ. दादांची थांबायचीच घंटी जास्त वाजायची.

कुठंबी कुणी पळत येताना दिसलं की टण्. म्हातारी दिसली की टण्. म्या वैतागायचो, "दादा, लातूर कवा गाठायचं?" तर म्हणायचे, "किशन, एक माणूस पळत येऊन चढायला दीड मिनिट लागतं. म्या घड्याळ लावून बघितलंय. दीड मिनिटानं लातूर काय पळून जातंय का?"

मला उपदेश आवडत न्हाई. कुणी देवाचं सांगायला लागलं की मी उठून तंबाखू मळायला जातो. पण दादा उपदेश करायचेच न्हाईत हो! कधी म्हणले न्हाईत, किशन, चर्चला ये. निस्तं काम करायचे. एकदा विष्णुपुरीला कॉलेजची पोरं-पोरी चढली. गाडी गच्च. पुढं घाटात एका बाईला ओकारी झाली, सीटवरच. पोरी नाकाला ओढण्या लावून बाजूला. ती बाई रडायली. दादांनी माझी पाण्याची बाटली घेतली, गळ्यातला स्वतःचा पंचा काढला आणि सीट पुसली. खाली बसून पुसली. चहाला थांबलो तवा म्या म्हणलं, "दादा, हे काय आपलं काम हाय? इज्जत हाय का न्हाई कंडक्टरला?" ते म्हणले, "त्या बाईला ओकारीपेक्षा लाज जास्त वाटत होती. म्या फडकं मारलं, तिची लाज गेली. माझं काय गेलं? माझ्या प्रभूनं चेल्यांचे पाय धुतले. मला सीट धुवायला काय झालं?"

म्या म्हणलं, धुवा बाबा, तुम्हीच धुवा.

आणि मग पंधरा-वीस दिवसांनी एका म्हाताऱ्याला तसंच झालं. दादा मागं तिकिटं फाडत होते. गाडी कडेला घेतली, आणि बघतो तर बाटली माझ्या हातात, फडकं माझ्या हातात. कसं आलं, देवाला ठाऊक. लोक म्हणतात संगतीनं तंबाखू लागते, दारू लागते. चांगलंबी लागतं बरं का. आमची घरची म्हणली, "हल्ली तुमच्या तोंडातनं शिव्या कमी झाल्यात, तब्येत बरी हाय ना?"

एकदा म्या रागात गाडी हाणत होतो. घरी भाऊकीचं भांडण झालेलं. दादा केबिनपाशी आले, हळूच म्हणले, "किशन, भांडण तुझं एकट्याचं हाय. पण चव्वेचाळीस माणसं तुझ्या रागात बसून लातूरला निघालीत. त्यांचा काय कसूर?" म्या वेग कमी केला. अजून सांगतो, त्या दिवसापासनं गाडीत चढताना मला ते चव्वेचाळीस आठवायचे.

आणि एक गोष्ट ते लई वेळा सांगायचे. तुमच्या चर्चमध्ये सांगतात ती. रस्त्याच्या कडेला एक माणूस मार खाऊन पडलेला. देवळातली दोन मोठी माणसं तिथनं गेली. बघितलं, आणि बाजूनं निघून गेली. मग परक्या जातीचा एक आला, त्यानं उचललं. दादा ते उचलणाऱ्याचं जास्त सांगायचेच न्हाईत. मला विचारायचे, "त्या आधीच्या दोघांनी काय वाईट केलं सांग. मारलं? न्हाई. लुटलं? न्हाई. शिवी दिली? तीबी न्हाई. निस्ते निघून गेले. टाइम न्हवता." मग हसायचे, "तुझ्यासारखे ड्रायव्हर असतील रे."

म्या पण हसायचो. आज मला हसू येत न्हाई.

दोन वर्षांमागं दादा रिटायर झाले. डेपोत निरोप समारंभ झाला. दादा बोलायला उभे राहिले आणि त्यांनी माझी गोष्ट काढली. सुरुवातीच्या दिवसातली. चिंचेच्या फाट्यावर एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन पळत होती, म्या गाडी थांबवली न्हाई. दादांनी दहा वेळा घंटी मारली तवा कुठं पुढं जाऊन थांबवली. म्हातारीची चप्पल मागं पडली होती. दादांनी माझी नक्कल केली, माझ्या शिव्यांसकट. सगळा डेपो हसला. साहेब हसले. माझी बायको-पोरं समोर बसलेली, तीबी हसली. माझं टाळकं सरकलं. मी उठलो आणि बाहेर गेलो. गोष्ट अर्धीच ऐकली.

उरलेली अर्धी मला दुसऱ्या दिवशी लोकांनी सांगितली. दादा म्हणले होते, "त्या दिवसानंतर ह्या माणसानं रस्त्यावर एकबी माणूस मागं सोडलं न्हाई. मी तोंडानं सांगत फिरलो, किशननं करून दाखवलं." हे मला कळलं. कळूनबी मी गेलो न्हाई. कामून? अकड. दुसरं काय? एकदा ताठलेली मान खाली येईना. त्यांनी फोन केला, उचलला न्हाई. नाताळाला बोलावलं, गेलो न्हाई. दुसऱ्या नाताळालाबी बोलावलं. मी घरात असून पोराला सांगाय लावलं, बाबा ड्यूटीवर गेलेत.

आता वाईट सांगतो.

आज दहावा दिवस. त्या दिवशी सकाळची फेरी होती. दादांच्या गावचा तोच चिंचेचा फाटा जवळ आला. लांबनं एक माणूस दिसला, पांढरा शर्ट, हात वर. जरा पुढं गेलो आणि ओळखलं. तो हात मी ओळखणार न्हाई का? अकरा वर्षं तो हात माझ्या डोक्यावरची घंटीची दोरी ओढत होता. गाडीत जागा होती. मागच्या सीटा रिकाम्या होत्या. माझा पाय ब्रेकवर गेला. खरंच गेला, वहिनी. आणि तेवढ्यात डोक्यात तो समारंभ आला, ते हसणं आलं. म्हणलं, उभं राहू दे. कळू दे जरा. पाय उचलला.

आमच्या नव्या कंडक्टर, सुनीताबाई, त्या तिकडं मागं बसल्यात. त्यांना कुणी बोल लावू नका. त्यांनी घंटी दिली. एक दिली, थांबून परत एक दिली. "भाऊ, थांबवा की, बाबा हात करायलेत." म्या म्हणलं, "मागं दुसरी गाडी हाय." मागं गाडी न्हवती.

डावीकडच्या आरशात बघितलं. ती सवयबी दादांनीच लावलेली, निघताना आरशात बघ, कुणी पळत येत असंल. आरशात दादा पळत होते. चार-पाच पावलं. मग थांबले. हात तसाच वर. मला वाटलं, आता शिवी देतील. बरं वाटलं असतं मला. दिली न्हाई. तोच हात हलवला. जा बाबा, नीट जा, असा. आणि मी गेलो.

पुढचं तुम्हाला ठाऊक हाय. दादा काळी-पिवळी जीपमध्ये बसले. ती गच्च भरलेली, दारात लटकून गेले. पुढच्या वळणाला जीप उलटली. मी लातूरच्या स्टँडवर चहा घेत होतो, तवा फोन आला. परतीच्या फेरीत त्याच रस्त्यानं यावं लागलं. जीप आडवी पडलेली, चपला पसरलेल्या. लोक खिडकीतनं वाकून बघायले. म्या दुसऱ्यांदा बघितलं न्हाई.

थांबा. अजून एक हाय. हे सगळ्यात वाईट.

तिसऱ्या दिवशी मी वहिनींना भेटायला आलो. वहिनींनी मला पाणी दिलं. म्हणल्या, "भावजी, ते तुमच्याच गाडीसाठी गेले होते. डेपोत फोन करून तुमची फेरी विचारून घेतली. आधीच्या दोन गाड्या सोडल्या. मी म्हणलं, ऊन व्हायच्या आत जा, लातूरला आपली लेक, रूथ, वाट बघत असंल. तर म्हणले, न्हाई, आज किशनच्या गाडीनं जातो. फाट्यापासनं लातूरपर्यंत एकदा गाडीत घावला की बोलंलच." आणि मग वहिनींनी मला विचारलं, "त्या दिवशी ड्यूटी बदलली होती का, भावजी?"

म्या म्हणलं, "हाव, बदलली होती."

वहिनी म्हणल्या, "तरीच. न्हाईतर तुम्ही थांबलाच असता."

वहिनी, ड्यूटी बदलली न्हवती. गाडीवर मीच होतो.

बसा, बसा. म्या म्हणलं होतं ना, मधी उठू नका. सांगून होऊ द्या. रूथ... जा पोरी, तुला बाहेर जायचं असंल तर जा. तुला कोण अडवंल?

पोलिसांनी जीपवाल्यावर केस केली. माझ्यावर काय करतील? कागदावर मी काय केलंय? मारलं न्हाई. लुटलं न्हाई. शिवीबी दिली न्हाई. निस्ता निघून गेलो. पाळक साहेब, तुम्ही मघाशी म्हणलात, दादांच्या जीवनातनं काहीतरी शिकून घरी जा. बाकीचे जातील घेऊन. म्या काय घेऊन जाऊ? दादांनी जेवढं शिकवलं तेवढं मला येत होतं. पाठ होतं. अकरा वर्षं रोज केलं होतं. आणि ज्या दिवशी ते स्वतः फाट्यावर उभे होते, त्या दिवशीच मी केलं न्हाई. असं शिकून काय करायचं, सांगा ना मला. रात्रंदिवस हेच विचारायलोय. तुमच्या प्रभूलाबी विचारलं. मला प्रार्थना येत न्हाई, तरी विचारलं. काही ऐकू आलं न्हाई.

वहिनी, मी माफी मागत न्हाई. मागायला तोंड न्हाई. दादा असते तर त्यांनी म्या मागायच्या आधीच देऊन टाकली असती, आणि वर चहा पाजला असता. त्याचंच तर मला भ्या वाटतं. तुम्ही देऊ नका. मला निस्तं एवढंच सांगायचं होतं, की तुम्ही जे समजून बसलात, की किशन असता तर थांबला असता, ते खोटं हाय. ते खोटं घेऊन तुम्ही उरलेली जिंदगी काढू नये.

चार दिवस झाले, परत गाडीवर जायलोय. चिंचेच्या फाट्यावर रोज थांबतो. कुणी हात करो न करो.  पॅसेंजर ओरडतात, "ओ ड्रायव्हर, कामून थांबलाव? कोण हाय इथं?" मी आरशात बघत बसतो. कुणी न्हाई. मग सुनीताबाई दोन घंट्या देतात.

शोकसभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहायची पद्धत हाय. माझी एक विनंती हाय, पाळक साहेब. आज दोन मिनिटं नको. दीड मिनिट उभं राहू. एक माणूस पळत येऊन गाडीत चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच. मला तेवढंच द्यायचं होतं, आणि म्या दिलं न्हाई.

उठा सगळे. मीबी गप होतो. दीड मिनिटानं लातूर कुठं पळून जात न्हाई.