बिनब्रेकची गाडी

ब्रेकाचं काम? न्हाई गोरक्ष, बाकी काय बी सांग — क्लच करतो, चेन आवळून देतो — पन ब्रेकाचं नाव काढू नको. ताडपत्रीखाली टेम्पोत झाकून आनलीस तरी चाकावरनं वळखली म्या. हॅरीसायबाची फटफटी हाय ही. हिला ब्रेक नसतो. नसतोच! किल्ली बी नसती, ढकलून चालू करायची. हसतोस काय? सायबानं त्याच्या मुलखात वीस वरसं हेच केलं — राखेचं गोल मैदान, चार गाड्या, चार फेऱ्या, वळायचं ते कायम डावीकडंच, मागचं चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय जमिनीला घासत. त्या बुटाला लोखंडी तळ. कप जिंकलेले, फोटो दावायचा मला. मग मांडी मोडली, वय झालं, तिकडं कुनी घेईना, म्हनून गावोगाव शर्यतीचे खेळ लावनाऱ्या कंपनीबरोबर हिकडं आला. आन् केडगावात त्याला मिस्त्री कोन गावला? मीच की. कानिफनाथ म्हनता येईना, 'कॅनी' म्हनायचा.

गेल्या साली कोपरगावला शर्यत हुती. साखर कारखान्याची राख आनून मैदान केलं. राखंवर पानी मारायला लागतं — पन बहात्तरचं साल, मानसाला प्यायला न्हाई, तर राखंला कुठनं आनायचं? सरावाला धुरळ्यात सायेब दिसंनाच. लई भ्यालो रे मी. आवडायचा मला तो मानूस. म्हनलं, ह्याला जपला पायजे. तो जेवायला गेला तवा चौकटीला भोक पाडलं, उजव्या पायापाशी पेडल बसवला, मागच्या चाकाला ब्रेक. सायबाला सांगितलं का? न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर काढायला लावला असता. आन् वळनावर तो सगळा भार उजव्या पायावर टाकतो, हे मला का म्हाईत न्हवतं? रोज बघत हुतो की! पहिल्याच वळनाला पाय पडला, घसरतं चाक जाग्यावर आवळलं, गाडी उलटली — मागची गाडी त्याच्या छातीवरनं गेली. सगळे म्हनले, धुरळ्यानं घात केला. मी बी मान हालवली. फौजदार यायच्या आत पेडल काढून हिरीत टाकला. कोरडी हीर, लई येळ वाजत गेला.

हे आजवर कुनापुढं बोललो न्हवतो. का बोललो कुनास ठाऊक. तू इसरून जा. वढ ती ताडपत्री, क्लच बघू.

...हे काय? हा पेडल कुनी बसवला? जामखेडच्या मिस्त्रीनं? आन् काय म्हनला तो — भोक तयारच हुतं?

नुसता आवळून पायजे व्हय तुला. रविवारी तुझी शर्यत हाय म्हनून. पाना दे हिकडं. काढायचाय तो, दे म्हनतो न्हवं! आरं, टेम्पो कशाला चालू करतोस? कुनी बी आवळून दील म्हनतोस? दील, पन — गोरक्ष, उतर खाली! येडा न्हाई मी, ऐक — वळनावर उजवा पाय —