धनेशाची ढोली

आमच्या आत्याले कोनाचं दुख पाहवत नसे, अन् तेच नडलं. पंचावन सालची गोष्ट. कारंज्याच्या जंगलात मोहं वेचाले गेलतो. एका झाडाची ढोली लिंपलेली, अन् फटीतून मोठी वाकडी चोच बाहेर.

आत्या भडकली, "कोन्या मेल्यानं जित्तं पाखरू कोंडलं रे!" अन् विळ्यानं लिंपण पाडलं. आत पिसं झडलेली मादी, अंड्यांवर बसलेली.

बाबा धावत आले. "काय केलं वं! हा धनेश व्हय. मादी सोताच कोंडून घेते, नर बाहेरून चारते."

नर उंबर घेऊन आला. आमाले पाहून उडाला, तो परतलाच नाई.

आत्यानं नाल्याची माती आनून ढोली लिंपली, पन उपयोग झाला नाई.

दिवाळीले तिनं घर लिंपलंच नाई. मी म्हटलं, "काऊन वं?"

"तिचं फोडलं, आता माह्यं कोन्या हातानं लिंपू?"