जरा कमी रेंजचा द्या

नाही नाही, तो दोन शिंगांचा ठेवून द्या परत. चांगला असेल हो, मी कुठं नाही म्हणतेय — पण मला सांगा, तो भिंतीपलीकडून वायफाय पकडतो का? पकडतो. दोन भिंती असल्या तर? तरी पकडतो? मग नकोच. अहो, घरात माणसं दोन, एवढी रेंज घेऊन आम्हाला काय जहाज चालवायचंय? मुलानं सांगितलंय खरं, दोन शिंगांचाच अडॅप्टर घे म्हणून — फोटो पाठवला, त्याच्यावर लाल गोल काढला, वर मला म्हणतो, आई, दुकानात गेल्यावर गोंधळू नकोस. तो सातासमुद्रापार बसून इथली खरेदी करणार आणि पिशवी मी धरणार. ते जाऊ द्या. तुम्ही मला तो बारकासा दाखवा — नखाएवढा असतो बघा, कॉम्प्युटरच्या पाठीमागं खुपसला की दिसतसुद्धा नाही. हा जुना आणलाय मी नमुन्याला. हा घ्या. अगदी असाच द्या. याहून थोडा कमजोर असला तरी चालेल.

असे बघू नका भाऊ, सांगते. आमचे हे पाणीपुरवठ्यात मोठे साहेब होते. घरीसुद्धा मी साहेबच म्हणते, सवय लागली. रिटायर झाले आणि घरभर फिरून नळ तपासायला लागले — कुठला गळतोय म्हणून — एकही गळेना, बिचारे. मग ह्यांच्यासारख्याच चार रिटायर साहेबांनी मिळून सल्लागार मंडळ काढलं. सल्ला कुणी मागितलाय? कुणीच नाही! पण मीटिंग रोज, कॉम्प्युटरवर. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. अर्धी मीटिंग 'माझा आवाज येतोय का' करण्यात जाते, उरलेली अर्धी अध्यक्ष कोण यावर. ऑफिसात ह्यांचं बोलणं तोडायची कुणाची टाप नव्हती, आणि आता कुणीतरी तिकडं बटण दाबतं की साहेबांचा आवाज बंद — ह्यांना पत्ताच नाही, हे आपले हातवारे करून बोलतायत! मी दारातून बघते ना. आधी हसू येतं. मग नाही येत.

वायर? छे छे, वायर नको. भिंतींना ताजा रंग दिलाय, कुठं भोकं पाडता — बरं, रंगबिंग काही दिलेला नाही, तुम्हाला काय खोटं सांगायचं. वायर कधी तुटत नाही ना, म्हणून नको. मला तुटणारं हवंय. म्हणजे कसंय, नेट गेलं की साहेब खोलीतून बाहेर येतात. 'गेलं,' म्हणतात, आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसतात. मी मटार सोलत असले तर पुढ्यात ओढून घेतात — निम्मे दाणे खाली, निम्मे तोंडात — आणि बोलतात हो! नोकरीत होता तेव्हा हा माणूस ताटावर बसून 'मीठ' एवढं म्हणायचा, संपलं. आणि परवा मला विचारतात, लग्नाआधी तू गाणं शिकत होतीस, ते का सोडलंस? आता काय सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात 'आलं वाटतं नेट' म्हणून उठून गेले. सत्यानाश त्या नेटचा! मला असा राग आला — दुसऱ्याच दिवशी लोखंडी कपाट आणून मधल्या पॅसेजमध्ये उभं केलं. खोलीत ओल येतेय म्हटलं. लोखंड आडवं आलं की रेंज पडते, हे मी मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं. आणि गंमत बघा, कपाट ढकलायला साहेबांनी स्वतः हात लावला. एवढे इंजिनियर, पण एक शब्द विचारला नाही! उलट म्हणतात, अजून थोडं इकडं घेऊ, अगदी मधोमध. घेतलं मधोमध.

तेव्हापासून बरं चाललं होतं. दिवसातून दोनदा तरी यायचे, कधी चारदा. पण मुलाशी बोलताना एकदा चित्र अडकलं, झालं — लगेच लाल गोल. पोरगा गुणी आहे, हाक मारली की वस्तू घ्यायला लावतो, स्वतः यायला तेवढा वेळ नसतो. आता तो दोन शिंगांचा घरी नेला की साहेब आत गेले ते गेलेच. मग मी कुणाशी बोलू? कुकरशी? सांगा ना. मला आवडतं हो ते येऊन बसले की. ह्या वयात म्हणायला लाज वाटते, पण आवडतं.

काय? जुना लावून बघितलात तुम्ही? चांगला चालतोय? तुमच्याकडं चालणारच, इथं मध्ये कपाट कुठंय. — कपाटानं फार तर हळू होईल? चित्र अडकेल, पण असं सारखं बंद पडणार नाही? नाही हो, तुम्हाला काय माहीत आमच्या घरचं. जातं म्हणजे जातं. ते स्वतः येऊन सांगतात ना — मी काय आत जाऊन बघते थोडीच. मंगळवारी तर आत्ता गेलं, आत्ता गेलं चाललं होतं. 'गेलं' म्हणून येऊन बसले, तर आतून माणसांचे आवाज येतायत. मी म्हटलं, अहो, तिकडं कुणीतरी तुम्हाला हाका मारतंय. तर म्हणाले, मारू देत.

मारू देत म्हणाले.

अगं बाई. म्हणजे हा माणूस — अहो, सरळ येऊन बसायला काय झालं होतं? कोण अडवत होतं? माझ्या स्वयंपाकघरात यायला काय अर्ज करावा लागतो? आणि मी खुळी इथं तुमच्याकडं कमजोर अडॅप्टर मागत बसलेय!

द्या इकडं तो जुना. पिशवीबिशवी नको, असाच द्या. नवा काही नको — हो, बारकाही नको. मुलाला मी दुकान बंद होतं म्हणून सांगणार आहे, त्याचा फोन आला तर तुम्हीही तेच सांगा. हसू नका हो! हा इथं माझ्या हातात, म्हणजे घरी आत्ता खरंच नेट नाही. स्टुलावर एकटेच बसले असतील, आणि मी तुमच्या काउंटरला टेकून उभी. सरका बघू, वाट द्या मला.